पावसाळाभर उभी राहणारी कॅम्पर गाडी : बॅटरीविषयी वाचकांचे प्रश्न

घाटातले रस्ते निसरडे झाले आणि कासच्या पठारावर धुके उतरू लागले की सातारा-सांगली भागातील बहुतेक कॅम्पर गाड्या ताडपत्रीखाली जातात, आणि गणपती उरकल्यावर, पठारावरची फुले पाहायला निघायच्या दिवशीच, त्या बाहेर काढल्या जातात. त्या दिवशी सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि मग आमच्याकडे पत्रे येऊ लागतात. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. काही पत्रे संक्षिप्त केली आहेत. उत्तरे मात्र प्रश्नाच्या गरजेप्रमाणे लहानमोठी झाली आहेत.

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी एक प्रवासी व्हॅन घेऊन तिचे फिरते घर करून घेतले. पुढे इंजिनाची बॅटरी आहे. मागे १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी असून तिच्यावर इन्व्हर्टर, लहान फ्रीज, पंखा, दिवे आणि पाण्याचा पंप चालतो. गेल्या वर्षी १० जूनला गाडी अंगणात लावताना आतले प्रत्येक बटण मी स्वतः बंद केले होते. १० सप्टेंबरला पाहतो तर दोन्ही बॅटऱ्या पार उतरलेल्या. मागची बॅटरी चार्ज करून घेतली, तरी आता तिच्यावर एक पंखा तासभर चालत नाही. दुकानदार म्हणतात की आम्ही बॅटरी नीट वापरली नाही. जी वापरलीच नाही, ती नीट न वापरल्याने खराब कशी होईल? (एक वाचक, गोडोली, सातारा)

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे, पण दुकानदाराचे म्हणणेही अगदीच खोटे नाही. बटण बंद केले म्हणजे वीज बंद झाली, हा समज घरातल्या दिव्याच्या बाबतीत खरा आहे; गाडीच्या बाबतीत तो खरा नाही. इंजिनाच्या बाजूला संगणकीय नियंत्रण, सेंट्रल लॉक, घड्याळ आणि टेपची स्मृती अशी चार-पाच उपकरणे किल्ली काढल्यावरही अर्धवट जागी असतात. ती मिळून ३० ते ५० मिलिअँपिअर (अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर) घेत असतील तर ते सर्वसाधारण समजावे. एक अँपिअर प्रवाह तासभर पुरेल एवढी वीज म्हणजे एक अँपिअर-अवर; त्या हिशेबाने ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, आणि आपली गाडी ९२ दिवस उभी होती, म्हणजे ११० अँपिअर-अवर. आपल्या गाडीच्या पुढच्या बॅटरीत एवढी पुंजी मुळात असण्याची शक्यता कमीच. नंतर कोणी गाडीचा माग दाखवणारे यंत्र किंवा समोरचा कॅमेरा बसवला असेल, तर हा खर्च आणखी वाढतो.

मागच्या बाजूचा प्रकार अधिक गंभीर असावा. इन्व्हर्टरला काहीही जोडलेले नसले तरी, तो चालू असेपर्यंत, तो स्वतःसाठी वीज घेत राहतो. ०.८ अँपिअर ही काही विलक्षण भूक नव्हे, परंतु तिचा हिशेब दिवसाला १९ अँपिअर-अवरच्या पुढे जातो, आणि १५० अँपिअर-अवरची बॅटरी आठवड्याभरात संपते. आपण इन्व्हर्टरचे पुढचे बटण बंद केले होते की त्याला जोडलेल्या प्लगपॉइंटचे, हे एकदा आठवून पाहावे. पुष्कळांची चूक येथेच होते. गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र असेल तर ते बहुधा थेट बॅटरीवर असते आणि ०.१ अँपिअर घेत असेल तरी दिवसाला २.४ अँपिअर-अवर खाते. मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटवरचा निळा दिवा, पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारा फलक, सोलरचा कंट्रोलर हे सगळे थेंबाथेंबाने पीत असतात. मी पाहिलेल्या एका गाडीत तर दोन महिन्यांत बॅटरी उतरवणारा गुन्हेगार, पलंगाखालच्या कप्प्याचे दार नीट न लागल्याने पेटता राहिलेला, बोटाएवढा एलईडी दिवा निघाला होता.

आता ‘न वापरता खराब’ या कोड्याविषयी. शिसे आणि सल्फ्युरिक आम्ल यांची ही बॅटरी १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी घडवली आणि तिचे मूळ रसायन आजही तेच आहे. बॅटरी उतरत जाते तसतसे तिच्या दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते. ताजे असताना ते मऊ व बारीक कणांचे असते आणि चार्जिंगला लावले की विरघळून परत जागच्या जागी जाते. मात्र बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली की त्याचे टणक स्फटिक होतात आणि मग कितीही चार्ज केले तरी तेवढा प्लेटचा भाग कामातून जातो. आपल्या बॅटरीला तो तासभर न चालणारा पंखा हेच सांगतो आहे. ती वापराने झिजलेली नाही. ती जूनच्या अखेरीस रिकामी झाली आणि सप्टेंबरपर्यंत तशीच पडून राहिली, यामुळे ती गेली. दहा अँपिअरच्या आसपासच्या सौम्य प्रवाहाने तिला सलग दोन-तीनदा पूर्ण चार्ज करून पाहावे, थोडी ताकद परत येऊ शकते, परंतु ती पूर्ववत होईल अशी आशा मी आपल्याला दाखवणार नाही.

या वर्षासाठी उपाय साधा आहे. मागच्या बॅटरीच्या मायनस तारेत, बॅटरीपासून वीतभर अंतरावर, चांगल्या प्रतीचा कट-ऑफ स्विच बसवून घ्यावा. तो निवडताना दिव्या-पंख्यांचा नव्हे तर इन्व्हर्टरचा विचार करावा, कारण हजार वॅटचा भार पडला की बारा व्होल्टला ९० अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह त्यातून जातो. दीडशे-दोनशे अँपिअर सहन करणारा स्विच त्यामुळे महाग वाटला तरी तोच घ्यावा. पुढच्या बॅटरीचा मायनस पाना लावून काढून ठेवला तरी चालते. काढताना आधी मायनस व मग प्लस, आणि जोडताना आधी प्लस व मग मायनस, हा क्रम मोडू नये. प्लसच्या नटाला लावलेला पाना बॉडीला टेकला तर होणारी ठिणगी पाना वितळवण्याइतकी जबर असते. पुढची बॅटरी सोडवल्यावर सेंट्रल लॉकही बंद पडणार, आणि बॉनेट उघडण्याची दांडी आतच असते, म्हणून दाराच्या कुलपात साधी किल्ली फिरते ना, हे आधी पाहून ठेवावे.

गाडी उभी करण्यापूर्वी दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज कराव्यात, मागचीत डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरावे आणि मगच कट-ऑफ स्विच बंद करावा. सर्व तारा तोडलेली बॅटरीसुद्धा आतल्या आत उतरत असते. ट्यूब्युलर असेल तर आपल्याकडच्या हवेत महिन्याला तीन ते पाच टक्के, जुनी असेल तर अधिक. म्हणून महिन्यातून एकदा साध्या मल्टिमीटरने व्होल्ट पाहावेत. चार्जर किंवा भार यांना किमान चार-पाच तास दूर ठेवल्यानंतर १२.६ ते १२.७ दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ व्होल्ट म्हणजे जेमतेम पाव उरली असे धरावे. १२.४ च्या खाली आकडा आला की रात्रभर चार्जिंगला लावावी, १२.२ ची वाट पाहू नये.

मेकॅनिकला एक काम मात्र मुद्दाम सांगावे. गाडी बंद करून, दारे लावून, तासभर थांबून, मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून तो मायनस तारेच्या मध्ये जोडायचा आणि एकेक फ्यूज काढत कोणता फ्यूज काढल्यावर आकडा खाली येतो ते पाहायचे. तासभर थांबणे आवश्यक आहे, कारण गाडीतील यंत्रणा लगेच झोपी जात नाहीत आणि घाईत घेतलेला आकडा खोटा मोठा दिसतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मात्र कुणीही मारू नये, मीटर जागीच जाईल.

प्रश्न : माझी कॅम्पर विश्रामबागेतील घराच्या पार्किंगमध्ये उभी असते. घरातून एक्स्टेंशन बोर्ड ओढून तिचा चार्जर पावसाळाभर चालूच ठेवावा, म्हणजे बॅटरीची चिंताच नको, असे मला गाडी बांधून देणाऱ्याने सांगितले. हे योग्य आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : चार्जर कोणता आहे यावर हे अवलंबून आहे, आणि गाडी बांधून देणाऱ्याने तेच सांगितलेले नाही. तीन टप्प्यांत चार्ज करणारा चांगला चार्जर आधी १४.४ व्होल्टच्या आसपास नेऊन बॅटरी भरतो आणि नंतर १३.५ ते १३.८ व्होल्टवर उतरून तिला केवळ भरलेली ठेवतो. असा चार्जर महिनोन्महिने जोडलेला राहिला तरी फारसे बिघडत नाही. साधा, एकच व्होल्ट देणारा चार्जर मात्र भरलेल्या बॅटरीतही विजेचा प्रवाह ढकलत राहतो. त्याने आतील पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन होऊन ते उडून जाते, प्लेटा उघड्या पडतात आणि ऑक्टोबरमध्ये झाकण उघडल्यावर तळाशी थोडे पाणी दिसते. हा धडा मी स्वतः घेतलेला आहे. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी चार्जर चालू ठेवून मी एका लग्नासाठी तीन आठवडे बाहेरगावी गेलो आणि परत आलो तेव्हा बॅटरीच्या दोन्ही बाजू पाहुण्यांच्या पोटासारख्या फुगलेल्या होत्या.

आपला चार्जर कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणे अवघड नाही. दोन दिवस सलग जोडून ठेवल्यावर चार्जर चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मीटर लावावा. आकडा १३.८ च्या आत असेल तर चिंता नाही, तो १४.२ किंवा त्याहून वर अडकलेला असेल तर हा चार्जर कायम जोडून ठेवण्याच्या लायकीचा नाही, आणि मग महिन्यातून एक रात्र तो लावून सकाळी काढून घेणे हेच बरे. उडालेल्या पाण्याच्या जागी ॲसिड कधीही टाकू नये. आम्ल उडत नाही, पाणी उडते. म्हणून डिस्टिल्ड वॉटरच टाकावे. घरातल्या फिल्टरचे, बाटलीतले किंवा एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणीही त्याला पर्याय नाही.

याशिवाय दुसरी आणि मला अधिक महत्त्वाची वाटणारी बाब सुरक्षिततेची आहे. पावसात एक्स्टेंशन बोर्ड ओढून गाडीला २३० व्होल्ट देणे म्हणजे रबरी टायरांवर उभ्या असलेल्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात घरची वीज नेणे होय. चार्जरमधील आवरण फाटले आणि अर्थिंग नसेल, तर सगळी बॉडी जिवंत होते, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या ज्याचा हात आधी दाराच्या मुठीला लागेल त्याला ती धक्का देते. टायरांमुळे ती वीज जमिनीत उतरत नाही, म्हणून फ्यूजही उडत नाही. तेव्हा तीन पिनांची, खरोखर अर्थिंग असलेली, बाहेरच्या वापराची जाड तार, ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी स्विच आणि जमिनीपासून वर टांगलेला, पावसापासून झाकलेला जोड, एवढे नसेल तर ही वीज गाडीला देऊच नये. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे, नुसत्या पिनेवर विश्वास ठेवू नये; पुष्कळ जुन्या घरांत तिसऱ्या पिनेमागे तारच नसते. मे महिन्यात वळवाच्या पावसाबरोबर विजा होऊ लागल्या की प्लग ओढून ठेवावा, हे मी मुद्दाम वेगळे सांगतो.

प्रश्न : बॅटरी टिकावी म्हणून मी दर रविवारी गाडी जागीच दहा मिनिटे चालू ठेवतो. एवढे पुरे आहे का? (एक वाचक, कराड)

उत्तर : नाही. डिझेल इंजिन सुरू करताना सेल्फ काही सेकंद का होईना, शेकडो अँपिअर ओढतो, त्याआधी सिलिंडर गरम करणारे ग्लो प्लग तापवायला वीज लागते, आणि बॅटरी चार्ज करणारा, पण मंद फिरणारा अल्टरनेटर दहा मिनिटांत ते परत करतो की नाही याचीच शंका असते. एखाद्या रविवारी थोडे उणे, दुसऱ्या रविवारी आणखी उणे, असे करत बॅटरी अर्धी होते आणि आपल्याला वाटते की आपण काळजी घेत आहोत. इंजिन पुरेसे न तापल्यामुळे सायलेन्सरमध्ये व तेलात पाणी धरते, ते वेगळेच. गाडी चालवायचीच असेल तर महामार्गावर उंब्रजपर्यंत नेऊन परत आणावी, चाळीस मिनिटे तरी चालवावी. ते जमत नसेल तर सुरूच करू नये आणि मायनस सोडून ठेवावा.

प्रश्न : आमच्या गाडीत २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आहे. दुकानदार म्हणतात की ती नेहमी शंभर टक्के भरून ठेवा. परदेशातील एका चित्रफितीत मात्र थंडीत लिथियम बॅटरी घरात नेऊन ठेवा असे सांगितले आहे. नेमके काय करावे? (एक वाचक, वाई)

उत्तर : आपल्या गाडीत बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी आहे, असे धरून लिहितो. शिशाच्या बॅटरीला जे अमृत, ते हिला वर्ज्य, असे म्हटले तरी चालेल. शिशाची बॅटरी भरून ठेवायची असते; लिथियम मात्र पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवलेली उत्तम, कारण पूर्ण भरलेली आणि त्यातही गरम जागी असलेली बॅटरी पडून राहिली तरी तिची क्षमता हळूहळू कमी होत जाते. म्हणून गाडी उभी करण्याच्या दोन दिवस आधी तिच्यावर पंखा-दिवे चालवून ती निम्म्यावर आणावी, सर्व भार तोडावा आणि चार्जर काढून घ्यावा. ती स्वतःहून महिन्याला दोन-तीन टक्केच उतरते, त्यामुळे पावसाळाभर तशीच राहिली तरी हरकत नाही. फक्त तिच्या आत बसवलेले नियंत्रण, ज्याला बीएमएस म्हणतात, आणि मोबाइलशी बोलणारे ब्लूटूथ हे थोडी वीज घेत असतात, तेव्हा सहा-आठ आठवड्यांनी एकदा टक्केवारी पाहून वीसच्या खाली जाऊ देऊ नये. तिची शिल्लक मल्टिमीटरने मोजण्याचा मात्र भरवसा धरू नये. चाळीस टक्के असो वा सत्तर, आकडा १३.१ ते १३.२ व्होल्टच्या आसपासच घुटमळतो. तिला शंट लावलेला, म्हणजे आत गेलेली व बाहेर आलेली वीज मोजत राहणारा मीटरच हवा.

चित्रफितीतील सल्ला चुकीचा नाही, तो आपल्या गावचा नाही इतकेच. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर तिच्या आत धातुरूप लिथियम साचून ती कायमची बिघडते, आणि उतरलेल्या शिशाच्या बॅटरीतले पाणीदार आम्ल कडक थंडीत गोठून डबा फुटतो. बर्फाच्या देशांत म्हणून एवढी धावपळ असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रात पाहतो, पण वाईत बंद गाडीच्या आतले तापमान तेथवर जात नाही. आपला शत्रू वैशाखातला आहे. बाहेर चाळीस अंश असताना उन्हात उभ्या गाडीचा आतला भाग पन्नाशी सहज ओलांडतो, आणि दर दहा अंशांनी बॅटरीतील ऱ्हासाची गती जवळपास दुप्पट होते, असा ढोबळ हिशेब आहे. बॅटरी घरात न्यायचीच असेल तर ती डिसेंबरात नव्हे, एप्रिलमध्ये न्यावी. किंवा त्याहून सोपे म्हणजे गाडी चिंचेच्या सावलीत लावावी. आपला चार्जर शिशाच्या बॅटरीसाठीही चालणारा असेल, तर त्यावरील ‘इक्वलायझेशन’ हा पर्याय कायमचा बंद करून ठेवावा. त्यात व्होल्ट पंधराच्या पुढे जातात आणि ते लिथियमसाठी नाहीत.

प्रश्न : आमचे घर सांगलीत नदीपासून जवळ आहे आणि २०१९ च्या महापुरात पाणी दाराशी आले होते. गेल्या अंकात आपण बॅटरी काढून ठेवण्याचा सल्ला दिलात. पूर आला तर काय करायचे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण माझ्या सल्ल्यातील उणीव दाखवली आहे आणि ती मी मान्य करतो. ज्या गाडीला रात्री दोन वाजता हलवावे लागू शकते, तिच्या इंजिनाची बॅटरी जुलै-ऑगस्टमध्ये काढून ठेवणे हा शहाणपणा नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी मानतात; २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या पुढे गेले होते. कृष्णाकाठच्या माणसाला हे आकडे मी सांगायला नकोत, परंतु बॅटरीच्या दृष्टीने त्यांचा अर्थ असा की, निर्णय ४० फुटांच्या आत झालेला असावा. तेवढ्या दिवसांत पुढची बॅटरी जोडलेली ठेवून दर आठवड्याला तिचे व्होल्ट पाहावेत आणि गाडी खरोखर सुरू होते याची खात्री करून घ्यावी. मागची घरवापराची बॅटरी मात्र कट-ऑफ स्विचने तोडलेलीच असावी, कारण गाडी हलवायला तिची गरज नाही. खरे तर जुलै उजाडला की मिरजेकडे किंवा उंचावरच्या एखाद्या नातेवाइकाच्या आवारात गाडी नेऊन ठेवणे, हे या सगळ्यापेक्षा सोपे आहे.

पाणी गाडीत शिरलेच, तर ओसरल्यावर किल्ली फिरवू नये. दाराबाहेर उभे राहून, कोरड्या हातांनी, आधी मायनस सोडावा. पाण्याखाली गेलेली ट्यूब्युलर बॅटरी झाकणांच्या छिद्रांतून गाळ व पाणी आत घेते आणि बहुतेक वेळा टाकूनच द्यावी लागते. ती भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडे परत द्यावी, २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार उत्पादकांवर जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी आहे. लिथियम बॅटरी पाण्यात गेली असेल तर वरून ती ठणठणीत दिसली तरी चार्ज करू नये, घरात किंवा जिन्याखाली ठेवू नये, आणि मोकळ्या जागी, भिंतीपासून व वाहनांपासून दूर ठेवून कंपनीच्या माणसाला बोलवावे. आतील नियंत्रणपट्टीवर गंज चढून काही दिवसांनीही ती पेट घेऊ शकते.

प्रश्न : गाडीच्या छतावर १०० वॅटचे सोलर पॅनेल आहे, पण पाचगणीतील पावसामुळे गाडीवर ताडपत्री असते. पॅनेलने बॅटरी भरलेली राहील का? तसेच बॅटरी फरशीवर ठेवली तर उतरते हे खरे आहे का? (एक वाचक, पाचगणी)

उत्तर : फरशीचे आधी उरकून टाकतो. लाकडी किंवा जुन्या कडक रबरी डब्यांच्या काळात ओलाव्यामुळे तसे काहीसे घडत असे. आजच्या प्लास्टिकच्या डब्यातून फरशीत वीज जात नाही. खाली फळी घालायला हरकत नाही, तिने फरशीवर आम्लाचे डाग पडणार नाहीत आणि वडीलधाऱ्यांचे समाधानही होईल. बॅटरीच्या डोक्यावर साचलेला ओला मळ मात्र प्लस-मायनसला जोडणारी चोरवाट बनू शकतो. तो पुसून, टर्मिनलवरची हिरवी-पांढरी बुरशी कोमट पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने धुवावी, सोडा झाकणांतून आत जाऊ देऊ नये आणि कोरडे झाल्यावर व्हॅसलिन लावावे.

आता सोलरविषयी. ताडपत्रीखालच्या पॅनेलमधून काहीही मिळत नाही, उलट कंट्रोलर स्वतःसाठी दहा-वीस मिलिअँपिअर घेत राहतो. पॅनेल उघडे असेल तर चित्र वेगळे आहे. स्वच्छ उन्हाच्या दिवशी शंभर वॅटचे पॅनेल बारा व्होल्टच्या बॅटरीला सुमारे ३० अँपिअर-अवर देते असे धरा. पाचगणीच्या धुक्यात जुलैमध्ये त्याचा दहावा हिस्सा मिळाला तरी तीन अँपिअर-अवर होतात. १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी स्वतःहून दिवसाला पाव अँपिअर-अवरच्या आसपास उतरते. म्हणजे धुक्यातले पॅनेलही बॅटरीला पुरून उरते, परंतु इन्व्हर्टर चालू राहिला तर भर उन्हाळ्यातलेही जेमतेम पुरेल. पावसाळ्यात सोलरवर भिस्त ठेवायची तर आधी सगळे भार तोडलेले असले पाहिजेत, हे त्या आकड्यांतूनच दिसते.

त्यासाठी कंट्रोलरची तार कट-ऑफ स्विचच्या अलीकडे, म्हणजे थेट बॅटरीला, स्वतंत्र फ्यूज लावून जोडून घ्यावी. मग स्विच बंद केल्यावर घर बंद राहते आणि पॅनेल बॅटरीला भरत राहते. ताडपत्री छतावरून सरकवून फक्त बाजू झाकता येतील का ते पाहावे, आणि पंधरा दिवसांनी पॅनेलवरचे शेवाळ मऊ फडक्याने पुसून घ्यावे. ताडपत्री पूर्ण घालायचीच असेल तर कंट्रोलरही सोडवून ठेवावा, पण तो सोडवताना आधी पॅनेलची तार काढावी आणि नंतर बॅटरीची. जोडताना आधी बॅटरी आणि नंतर पॅनेल. बॅटरी नसताना पॅनेलचा दाब एकट्या कंट्रोलरवर आला तर काही कंट्रोलर जळतात. आणि ताडपत्री काढाल त्या दिवशी तारांवरून एकदा टॉर्च फिरवून पाहा. उबदार, कोरडी, महिनोन्महिने कुणी न फिरकलेली जागा डोंगरावरच्या उंदरांना फार आवडते, आणि बॅटरी भरलेली असूनही काहीच चालत नाही अशा दोन तक्रारींचे मूळ या वर्षी पलंगाखालच्या कुरतडलेल्या तारेत सापडले आहे.